स्टीम प्रेस आणला. चादरी झकास, पण शर्टाचं काय करू?

उंबरठा

महिना झाला घरी स्टीम प्रेस येऊन. आधीच सांगते, वाफेची इस्त्री नव्हे, आणि हँगरवरच्या कपड्याला फुसफुस वाफ मारतात तो स्टीमरही नव्हे. हा मोठ्या वहीसारखा उघडतो. खाली गादी बसवलेला पाट, वर तापणारी प्लेट. मधे कपडा पसरायचा, हँडल खाली ओढायचं, वाफेचं बटण दाबायचं, थोडं थांबायचं, उघडायचं.

घेण्याचं कारण माझा उजवा खांदा. वर्षभर धरलाय. बाकीची कामं कशीबशी निभतात, पण इस्त्री मागेपुढे ढकलायला लागले की तिसऱ्या कपड्याला हात खाली येतो. प्रेससमोर खुर्ची टाकून बसता येतं, हे पाहूनच मी भुलले.

चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, रुमाल यांच्याबद्दल काही तक्रार नाही. अभ्रा दोनदा दाबला की झाला. पण शर्ट! काल नवऱ्याचा पांढरा सुती शर्ट घेतला. पाठीवर उभी घडी पडली, पट्टी ठेवून आखल्यासारखी. खिशाची चौकट दाबली गेली ती थेट मागच्या बाजूला उमटली, तिन्ही बाजू आणि कोपऱ्यातली तिरकी शिवणसुद्धा. प्रेसमधून उचलला तेव्हा बाह्या गुळगुळीत होत्या. हँगरला लावला, दहा मिनिटांनी बघते तर कोपरापाशी बारीक चुण्या परत हजर. "याला इस्त्री करायची राहिली का?" असं विचारण्यात आलं. विचारणाऱ्याच्या एका हातात शर्ट दिला, दुसऱ्या हातात जुनी इस्त्री.

ज्यांनी वर्षभर तरी वापरलाय त्यांनी सांगा. माझं काही चुकतंय, की या यंत्राचा शर्टाशी छत्तीसचा आकडाच आहे?

निवांत_बोका

रुमाल टाकून ठेवतो. (इस्त्री न केलेला.)

टोपणनाव_सुचेना

हाच का तो टी-शर्टवर चित्रं छापायचा प्रेस?

उंबरठा

नाही हो, तो हीट प्रेस. त्यात वाफ नसते. प्लेट १८०-२०० अंशांपर्यंत तापवून कोरडा दाब देतात. दिसायला भावंडं आहेत खरी.

तिरकस

उंबरठाताई, राग मानू नका, पण जाहिरातीत "४५ किलोंचा दाब" वाचून घेतलात ना? घरी येणाऱ्या अर्ध्या यंत्रांची हीच कथा. साधी इस्त्री आणि नीट उंचीचं टेबल असेल तर शर्टाला पाच मिनिटं लागतात. टेबल कमरेच्या खाली असलं की माणूस वाकतो, खांद्यातून जोर लावतो, मग खांदा धरतो आणि मग यंत्र येतं.

आणि इस्त्रीला पुढे टोक का असतं? विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीचं, १८८२ चं. त्याच्याही आधीच्या, चुलीवर नाहीतर कोळशांवर तापवायच्या इस्त्र्यांनाही टोक होतंच. ते बटणांच्या मधे, कॉलरच्या कोपऱ्यात, चुण्यांच्या मुळाशी शिरायला. आयताला टोक नसतं, म्हणून आयत शर्टात शिरत नाही. विषय संपला.

वाफारा

विषय कसला संपतोय, आता तर सुरू झालाय. तिरकसराव, ४५ किलोंचं गणित मांडून बघू या, तुम्हालाही आवडेल.

घरच्या प्रेसची प्लेट धरा ६२ बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १५५० चौरस सेंटिमीटर. त्यावर ४५ किलो पसरले तर चौरस सेंटिमीटरला आले २९ ग्रॅम. आता साधी इस्त्री. तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, वजन दीड किलो. नुसती ठेवली तर साडेसात ग्रॅम. पण नुसती कोण ठेवतं? हाताने चार किलोंचा जोर दिला की साडेपाच किलो भागिले २००, म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम. आकडा जवळजवळ तोच!

म्हणजे ४५ किलो ऐकायला दणदणीत असले तरी कपड्याच्या एका ठिपक्याला कळणारा दाब इस्त्रीइतकाच. फरक दोन. इस्त्री एका जागी क्षणभर थांबते (जास्त थांबली तर करपवते), प्रेस आठ-दहा सेकंद बसतो. आणि दुसरं म्हणजे ते चार किलो ताईंच्या खांद्यातून येत नाहीत. तरफेचा सांधा शेवटी अडकतो आणि दाब तिथेच राहतो, हात सोडून बसा.

म्हणून यंत्र फसवं म्हणणार नाही. जाहिरातीतला आकडा मात्र चुकीच्या गोष्टीबद्दल बोलतो.

तिरकस

साडेसत्तावीस! बरं. गणित मान्य, टोकाचा मुद्दा कायम.

भुरभुर

माझ्याकडे दोन वर्षं आहे. सध्या कपाटावर, फडक्याखाली. दहा-अकरा किलोंचं धूड रोज खाली काढणार कोण? कायमची जागा असेल तरच घ्या. काढघाल करावी लागली की तिसऱ्या आठवड्यात जुनी इस्त्री परत हातात येते. मी चुकून गरम असताना उचलायला गेले होते, तो किस्सा नंतर.

शिलाई_खाते

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज टंकायला बसलो. बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात फिनिशिंगला काढली, त्यातली शेवटची नऊ प्रेसवरच.

ताई, तुमच्या शर्टात दोन वेगळे रोग आहेत. चुण्या परत येणं हा ओलाव्याचा रोग. खिशाचा ठसा आणि पाठीची घडी हा मांडणीचा.

आधी ओलावा. कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाखाली पंखा असतो, व्हॅक्यूम टेबल म्हणतात त्याला. पायाने पेडल दाबलं की टेबल कपड्यातली वाफ खाली ओढून घेतं, कपडा तिथल्या तिथे गार आणि कोरडा. मोठ्या प्रेसच्या खालच्या पाटालाही तीच सोय. नवीन पोरगं कामावर आलं की त्याला वाटतं वाफ सोडणं हेच काम. ढग उडवतं नुसतं. वाफ कुणीही सोडेल. कपडा कधी उचलायचा ते कळायला वर्ष जातं. आम्ही मनगटाची आतली बाजू कपड्याला लावून बघायचो. बोटं रोजच्या कामाने निबर झालेली असतात, त्यांना दमटपणा कळत नाही. मनगटाला कळतो.

घरच्या प्रेसला हा पंखा नाही. वाफ गादीत जाऊन बसते. तुम्ही वाफ मारली, पाच सेकंदांत उघडलं, कपडा गुळगुळीत दिसला आणि उचललात. तो गुळगुळीत होता पण कोरडा नव्हता. हँगरवर लोंबकळत वाळला आणि जसा लोंबला तसाच बसला.

तेव्हा असं करा. वाफ तीन-चार सेकंद. मग बटण सोडा, प्रेस बंदच ठेवा. कडेने येणारी वाफ थांबेपर्यंत थांबा. उघडा, आणि लगेच उचलू नका, मनातल्या मनात दहा अंक मोजा. मग दोन्ही हातांनी उचलून हँगरला. पुढची दहा मिनिटं त्याला घडी घालायची नाही, अंगात घालायचा नाही, कपाटात कोंबायचा नाही.

मांडणीचं रात्री लिहितो. हात दुखतात आता टंकून.

वाफारा

काकांनी अनुभवाने सांगितलं त्याचं कारण सुताच्या आत आहे. सूत म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सैल होतात, साखळ्या सरकतात. पाणी निघून गेलं की ज्या जागी असतील त्या जागी पुन्हा हात धरतात. म्हणजे आकार पक्का होतो तो वाळताना. अर्धवट ओला उचलला तर ओल्या भागातल्या साखळ्या अजून मोकळ्याच असतात.

पॉलिस्टरची गोष्ट निराळी. ते पाणी फारसं पीतच नाही. ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि गार होताना आकार धरतं. म्हणून पॉलिस्टर मिश्रणाच्या पँटवर प्रेसमध्ये चुकीची घडी पडली तर ती काढताना रडायची वेळ येते. तिथे "गार होईपर्यंत हलवू नका" हे कोरडं होण्यापेक्षाही महत्त्वाचं.

आणखी एक. वाफ फुकट होत नाही. खोलीतल्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला साधारण २.६ किलोज्यूल लागतात. १५०० वॉटचा प्रेस सगळी वीज वाफेतच घालत असला तरी मिनिटाला ३५ ग्रॅमच्या वर वाफ सतत देऊच शकत नाही. मोठा फवारा येतो तो प्लेटमध्ये साठलेल्या उष्णतेवर. लागोपाठ पाच-सहा फवारे मारलेत की प्लेट निवते आणि वाफेऐवजी पाणी टपकतं. दिवा पुन्हा लागेपर्यंत दम धरा.

उंबरठा

अगंबाई, टपकतं की! मी म्हटलं यंत्रच बिघडलेलं दिलंय. तक्रारीचं पत्र अर्धं लिहून झालं होतं.

निवांत_बोका

पत्राला घडी चांगली पडली असती.

शब्दवेडी

अवांतर: "इस्त्री" हा शब्द पोर्तुगीज "एस्तिरार"वरून आल्याचं मानतात. अर्थ ताणणे, पसरवणे. आणि प्रेस म्हणजे दाबणे. दोन्ही यंत्रांची नावंच त्यांचं काम सांगतात. आपण बोलताना सर्रास "कपडे प्रेस केले" म्हणतो, पण हातात ताणणारी वस्तू असते.

सुईदोरा

शब्दवेडी, तुझं अवांतर अजिबात अवांतर नाही. शिवणकामात हाच मुद्दा रोज आडवा येतो.

कापड उभ्या धाग्यात ताणलं जात नाही, आडव्यात थोडं जातं, आणि उरेब (धाग्यांना तिरकं) असेल तर रबरासारखं. उरेब कापाच्या घेरावर इस्त्री फिरवली की कड लाटांसारखी होते. गळ्याची पट्टी फुगते. मी गोधडीचे तुकडे जोडते, चौकोनी तुकडा इस्त्रीखाली सरकला की समोसा (माफ करा, त्रिकोण म्हणायचं होतं). म्हणून आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की इस्त्री फिरवू नका, उचला आणि ठेवा. प्रेस दुसरं काही करूच शकत नाही, हा त्याचा मोठा गुण.

बकरम (कॉलर ताठ राहायला आत घालतात ते कापड) चिकटवायला तर याच्यासारखं काही नाही. त्याच्या मागचा डिंक वितळायला उष्णता, दाब आणि वेळ तिन्ही एकाच जागी लागतात, बहुतेकांना दहा-पंधरा सेकंद. हातातल्या इस्त्रीने कॉलरची पट्टी सहा ठिकाणी दाबावी लागते. त्यातलं एक ठिकाण हमखास राहतं आणि दुसऱ्या धुण्यात तिथे फोड येतो. प्रेसमध्ये पूर्ण पट्टी एका दमात. फक्त खाली-वर जुनं सुती कापड ठेवा. डिंक प्लेटला लागला तर ती काळी पडते आणि पुढच्या पांढऱ्या कपड्यावर सही करते.

तिरकस

सुईदोरा, "उचला आणि ठेवा" इस्त्रीनेही करता येतं हे तुम्हीच म्हणालात. मग?

सुईदोरा

करता येतं. दीड किलो दोनशे वेळा उचलून बघा, मग बोलू. धाग्याची सुरुवात खांद्यापासून झालीय दादा.

शिलाई_खाते

आता मांडणी.

नियम एकच. प्रेसमध्ये एका वेळी एकच पदर. चादरीला चार पदर चालतात कारण सगळे सपाट असतात. शर्टाला नाही. पुढचा भाग आणि पाठ एकावर एक ठेवून दाबलंत तर खिसा, बटणपट्टी, शिवण सगळं पलीकडे उमटणार. ताईंनी तेच केलंय.

कॉलर आधी. उलटी बाजू वर, टोकांकडून मध्याकडे हाताने ताणून पसरवा. मग योक, म्हणजे खांद्यावरचा जोड. तो पाटाच्या कडेवर टोपीसारखा घाला. पाट चौकोनी असल्याने इथे थोडी झटापट होते. कफ उघडून सपाट. पाठ दोन टप्प्यांत, आधी डावा अर्धा, मग सरकवून उजवा. दोन्ही दाबांमधे चार बोटं जागा पुन्हा आली पाहिजे, नाहीतर प्लेटच्या कडेची रेघ राहते. तुमच्या पाठीवरची आखलेली रेघ बहुधा तीच, घडी नसावी.

पुढचे भाग उलटे ठेवायचे. बटणं खाली, गादीत. खिसाही खाली. गादी मऊ असते, बटणाची नि खिशाची जाडी ती पोटात घेते आणि वरचा पदर सपाट राहतो. कापड सुलटं ठेवून बटणं वर आली तर प्लेट आधी बटणावर टेकते, आजूबाजूच्या कापडाला दाबच मिळत नाही आणि बटण फुटतं ते वेगळं. धातूचं बटण, हूक, चेन असेल तर ती प्लेटला लागता कामा नये, चरा पडला की त्यात प्रत्येक कपडा अडकतो.

बाही. इथे प्रेस हरतो, खोटं कशाला सांगू. बाही म्हणजे नळी, सपाट केली की कडेला घडी येणारच. घडी हवी असेल तर ठीक. नको असेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून बाहीत सरकवा आणि प्रेस पूर्ण न मिटता हलका दाब द्या. काही यंत्रांबरोबर उशी येते ती यासाठीच. ती मुलांनी खेळायला घेतली नसेल तर शोधा.

आणि कपडा हाडासारखा वाळलेला घेऊ नका. दोरीवरून किंचित दमट काढा. वाळलाच असेल तर पाणी शिंपडून गुंडाळी करून अर्धा तास पिशवीत ठेवा. वरून मारलेल्या वाफेपेक्षा आत मुरलेला ओलावा जास्त काम करतो.

उंबरठा

काका, उशी सापडली. मांजर झोपत होतं तिच्यावर. मी समजत होते ती पॅकिंगची आहे.

निवांत_बोका

या बोक्यावर संशय घेऊ नये.

हिरवी_खिडकी

काळ्या पँटवर चकाकी आलीय प्रेस वापरल्यापासून. मांडीवर आणि खिशाच्या तोंडाशी. जाते का?

शिलाई_खाते

लोकरीची असेल तर बरीचशी जाते. तंतू चपटे झालेत म्हणून उजेड परततो. वाफ द्या, दाबू नका, आणि मऊ ब्रशने लव उठवा. पॉलिस्टर मिश्रण असेल आणि तंतूच वितळून चपटे झाले असतील तर नाही जायची. यापुढे गडद कपडा नेहमी उलटा करून, नाहीतर वरून ओलं पिळलेलं सुती फडकं टाकून दाबा. शिवणीचे ठसे उमटत असतील तर शिवणीच्या आतल्या माया (सोडलेलं जादा कापड) असतात ना, त्यांच्याखाली कागदाच्या पट्ट्या सरकवा. शिंप्यांची जुनी युक्ती.

कोरडवाहू

जरीच्या साडीचं काय? साडेपाच मीटर आहे, इस्त्रीने कंटाळा येतो.

सुईदोरा

रुंदी चार पदरी केली तर ६० सेंटिमीटरच्या प्लेटला नऊ-दहा दाबांत साडी होते, त्या हिशेबाने प्रेस उत्तम. पण जर कसली आहे ते बघा. हल्ली पुष्कळदा ती धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीची असते. जास्त तापली की आक्रसते, आणि मग काठ कायमचा गोळा. कमी उष्णता, वाफ बंद, वरून सुती कापड. रेशमावर पाण्याचा एक थेंबही टपकू देऊ नका, डाग राहतो. वाफारा म्हणाले तो निवलेल्या प्लेटचा प्रकार इथे महागात पडतो. आधी पदराच्या आतल्या टोकाशी वीतभर दाबून बघा.

मखमल आणि कॉर्डुरॉय प्रेसमध्ये मुळीच नको. लव झोपते ती उठत नाही. त्यांना लोंबकळत वाफ द्यायची.

वाफारा

शिवाय लेबल वाचा. इस्त्रीच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे तळ साधारण ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. एक ठिपका असेल तर वाफही टाळा. प्रेसच्या बाबतीत मी एक पायरी खालूनच सुरुवात करतो. इस्त्री फिरती असते, चूक झाली तरी एका जागेवर क्षणभर. प्रेस चूक करतो तेव्हा दीड हजार चौरस सेंटिमीटरवर एकदम करतो.

भुरभुर

+१. माझा कुर्ता. श्रद्धांजली.

हिरवी_खिडकी

पाणी कोणतं घालता? माझ्या प्रेसमधून पांढरा भुगा पडतो.

वाफारा

पाणी जड आहे तुमचं. कॅल्शियम कार्बोनेट. वाफ उडून जाते, चुना आत राहतो, मग पापुद्रे सुटून वाफेबरोबर बाहेर येतात. माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं मिसळा. साठलेला चुना सायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने निघतो, पण तेही पुस्तिका परवानगी देत असेल तरच. अत्तर, स्टार्च, कपड्यांना वास लावायची औषधं टाकीत घालू नका. स्टार्च कपड्यावर फवारायचा, मुरू द्यायचा, मग दाबायचं. लगेच दाबलात तर तो प्लेटवर भाजून तपकिरी होतो.

टोपणनाव_सुचेना

लहान मुलं आहेत घरी. कितपत धोका?

भुरभुर

आता तो किस्सा. काम झालं, बंद केला, वीज काढली, मिटवला, आणि पाच मिनिटांत "झाला असेल गार" म्हणून उचलला. मिटल्यावर उष्णता आतच राहते, बाहेरचं प्लास्टिक कोमट लागतं. कुलपाची खिटी नीट बसली नव्हती, पायरीवर यंत्राने जबडा उघडला आणि प्लेट दंडाला टेकली. डाग अजून आहे. माझ्या प्रेसमध्ये दहा सेकंद बंद राहिला की टीं-टीं वाजून तापणं थांबतं, ते कपडा वाचवायला असतं, माणूस वाचवायला नाही. मुलांच्या हाताच्या वर ठेवा, अर्धा-पाऊण तास उघडा सोडून गार करा. आणि बारीक वायरचं एक्स्टेन्शन अजिबात नको, ते तापतं.

तिरकस

या धाग्याने माझं मत पाव इंच हललंय, एवढं नमूद करतो. चादरींसाठी.

उंबरठा

तीन आठवड्यांनी परत आलेय.

काकांचं ऐकून शर्ट घेतले. पहिल्या दिवशी मनगट लावायला विसरले आणि परत चुण्या. दुसऱ्या दिवशी लावलं, आणि खरंच कळतं हो! बोटांना कोरडा वाटलेला योक मनगटाला गार-दमट लागला. पुन्हा मिटवला, सात-आठ सेकंद. हँगरवर अर्ध्या तासाने पाहिलं, तस्साच. खिसा गादीत घातल्यापासून चौकट उमटत नाही. पाठीवरची रेघ प्लेटच्या कडेचीच होती. सरकवून दाबल्यावर गेली.

बाह्यांसाठी टॉवेलची गुंडाळी करून पाहिली, तीनदा. एकदा जमली. आता बाह्या आणि कॉलरची टोकं जुन्या इस्त्रीने करते, प्रेसच्या शेजारीच ती तापत ठेवलेली असते. घड्याळ लावलं होतं. पूर्ण इस्त्रीने शर्टाला सहा मिनिटं, पूर्ण प्रेसने नऊ, आणि असं वाटून घेतलं तर सात. म्हणजे तिरकसराव, वेळेत तुम्हीच जिंकलात. पण त्या सातातली इस्त्री दोन मिनिटांची. आठवड्याचे दहा शर्ट एका बैठकीत झाले आणि संध्याकाळी वरच्या फळीवरचा डबा उजव्या हाताने काढला.

गादीबद्दल विचारायचं राहिलं. मधोमध थोडी चपटी झालीय, आणि तिथेच बटणाचे ठसे येऊ लागलेत. बदलावी लागेल का?

शिलाई_खाते

कव्हर काढून बघा. खालचा फोम दबून उभारी धरत नसेल तर बदला. तोपर्यंत जुन्या लोकरी ब्लँकेटचा एक पदर कव्हरखाली घाला. सिंथेटिक ब्लँकेट नको, चिकटेल. आणि शर्ट दर वेळी मधेच ठेवू नका, बटणं कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या. गादी सारखी झिजते.

उंबरठा

घालते आजच. मांजराला दुसरी जागा बघावी लागेल.

नवा_सभासद_७

छान माहिती. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. याने टी-शर्टवर चित्र छापता येतं का?

निवांत_बोका

टोपणनाव_सुचेना, तुम्ही सांगता का मी सांगू?